ऑनलाईन दुकानात पुण्याच्या गिऱ्हाईकाला जीएसटी डबल लागतोय, अर्जंट मदत हवी

चप्पललाईनकर
नमस्कार मंडळी. कोल्हापुरी चपलांची स्वतःची वेबसाईट सुरू केलीय. टॅक्स सेट केला, तर बेळगावच्या ऑर्डरला बरोबर ५ टक्के लागतोय आणि पुण्याच्या ऑर्डरला १० टक्के. चप्पल तीच, किंमत तीच! पुण्याच्या एका काकूंनी फोन करून विचारलं, चपलेवर १० टक्के कधी झाला म्हणून. त्यांना काय सांगू? साईट करून देणारा फोन उचलंना झालाय. लग्नसराईच्या ऑर्डरी सुरू आहेत. माहीत असेल त्यानं लगेच सांगा.

तांबडा_रस्सा
साईट कशावर आहे? वूकॉमर्स, शॉपिफाय असलं दुकानाचं तयार सॉफ्टवेअर, की कुणी कोड लिहून दिलाय? टॅक्सचा तक्ता कसा भरलाय ते टाका, त्याशिवाय काय सांगणार?

मसालेवाली_ताई
स्वतःच्या साईटचा खटाटोप कशाला करता? मी कांदा-लसूण चटणी मोठ्या मार्केटप्लेसवर विकते. वस्तूचा एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा नंबर) आणि दर एकदा भरला की राज्याप्रमाणे हिशेब तेच करतात.

शाहूपुरी_३री_गल्ली
ताई, हिशेब करतात, पण कमिशन घेतात, वर अर्धा टक्का टीसीएस (विक्रीच्या पैशातनं आधीच कापलेला टॅक्स) कापून ठेवतात ते सांगा की. परत आलेल्या मालाचा भुर्दंड वेगळा. स्वतःची साईट हवीच.

मसालेवाली_ताई
टीसीएस कुठं जात नाही, जीएसटी पोर्टलवरच्या आपल्याच खात्यात, कॅश लेजरला, जमा होतो. आणि स्वतःच्या साईटवर गिऱ्हाईक आणायला जाहिरातीचे पैसे लागतात, ते कुणी धरायचे?

हिशेबनीस
आधी एक सांगा, तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन रेग्युलर आहे की कंपोझिशन (छोट्या धंद्यांची सोपी स्कीम)? कंपोझिशन असेल तर बेळगावला माल पाठवताच येणार नाही आणि गिऱ्हाईकाकडून टॅक्सही घेता येणार नाही. रजिस्ट्रेशनच नसेल तर गोष्ट आणखी गंभीर. ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत रजिस्ट्रेशन न करण्याची सूट परराज्यात माल विकायला साधारणपणे चालत नाही.

चप्पललाईनकर
रेग्युलर आहे हो सर, नंबर २७ नं सुरू होतोय. प्रश्न तो नाही. वूकॉमर्स आहे. तीन ओळी भरल्यात: राज्यातल्या विक्रीला सीजीएसटी (केंद्राचा) २.५ आणि एसजीएसटी (राज्याचा) २.५, परराज्यातल्या विक्रीला आयजीएसटी ५. यात चुकण्यासारखं काय आहे?

राजारामपुरी_टेक
चपलेला १२ टक्के असतो. ५ कुठनं आणला?

हिशेबनीस
१२ टक्के जुना दर झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापेक्षा जास्त असेल तर १८.

तांबडा_रस्सा
तीन ओळींपुढं राज्य काय घातलंय? आणि प्रायॉरिटीच्या रकान्यात काय आहे?

चप्पललाईनकर
पहिल्या दोन्हींना एमएच, आयजीएसटीला राज्य मोकळं. प्रायॉरिटी १, २, ३.

तांबडा_रस्सा
मग तिथंच घोळ आहे भावा. वूकॉमर्स प्रत्येक प्रायॉरिटीतली एकच जुळणारी ओळ उचलतं. राज्य मोकळं ठेवलं म्हणजे अख्खा भारत, त्यात महाराष्ट्रही आला. पुण्याच्या माणसाला १ मधनं सीजीएसटी, २ मधनं एसजीएसटी आणि ३ मधनं आयजीएसटी, तिन्ही लागले. बेळगावला फक्त तिसरी जुळते, म्हणून तिथं बरोबर दिसालंय. आयजीएसटीची प्रायॉरिटी १ करा आणि ती ओळ महाराष्ट्राच्या ओळींच्या खाली ठेवा. महाराष्ट्राची ओळ जास्त नेमकी असल्यामुळं ती आधी लागेल आणि आयजीएसटी बाजूला पडेल.

राजारामपुरी_टेक
असला जुगाड नको. मी बाकीची राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून ३५ ओळी टाकल्यात. एकदम पक्कं काम.

तांबडा_रस्सा
जुगाड नाही, वूकॉमर्सची रचनाच तशी आहे. आणि त्यांना १८ टक्क्यांचा वेगळा टॅक्स क्लास लागणार, तिथं परत ३५ भरायच्या? दर बदलला की सगळ्या परत?

पंचगंगा_घाट
मूळ मुद्दा राहिला बाजूला. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानमध्ये आपलीच चप्पल दाखवली तेव्हा सगळे जागे झाले. जीआय (भौगोलिक मानांकन) २०१९ लाच मिळालाय, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. साईटवर जीआयचं लिहिलंय का? कारागिराचं नाव टाका. करकर वाजणारी खरी चप्पल आणि रेक्झिनची नक्कल यातला फरक दाखवा.

शाहूपुरी_३री_गल्ली
बरोबर आहे दादा, पण त्यांचा टॅक्स अडकलाय.

हिशेबनीस
आणखी दोन गोष्टी, पुढं नोटीस येऊ नये म्हणून. टॅक्स डिलिव्हरीच्या पत्त्यावरून काढायचा, बिलिंगच्या नाही. पुण्याच्या माणसानं हुबळीच्या बहिणीला जोड पाठवला तर आयजीएसटी. वूकॉमर्समध्ये ‘शिपिंग अ‍ॅड्रेस’वरून हिशेब हा पर्याय निवडा.

दुसरं, टॅक्स धरून किंमत छापणार असाल तर २,६२५ ते २,९५० च्या मधली किंमत ठेवूच नका. समजा २,७०० ठेवली. ५ टक्क्यांनी मागं गेलं तर मूळ किंमत २,५७१ येते, म्हणजे मर्यादेच्या वर. १८ नं मागं गेलं तर २,२८८, म्हणजे मर्यादेच्या आत. कुठलाच दर बसत नाही. एक तर २,६२५ ला थांबा, नाहीतर थेट २,९५० च्या पुढं जा.

कूपनचंही ध्यानात ठेवा. टॅक्स सोडून २,८०० चा जोड १५ टक्के सूट देऊन २,३८० ला गेला आणि सूट बिलावर दाखवली, तर दर ५ होतो. वूकॉमर्स स्वतःहून क्लास बदलत नाही, तो तुम्हीच बघायचा.

गूळवाला
गुळाच्या सुट्या ढेपेला जीएसटी शून्य, पण अर्धा किलोच्या पुड्या करून लेबल लावलं की ५ टक्के. २०२२ पासून आहे. कुणाला लागलं तर असावं म्हणून सांगितलं.

चप्पललाईनकर
प्रायॉरिटी बदलली. पुण्याचा पत्ता टाकून बघितलं, अडीच-अडीच दिसालंय. बेळगाव पाचच. तांबडा रस्सा, लई उपकार भावा! लग्नाची जरीची जोडी २,७५० ला लावलीय, तिची किंमत आजच बदलतो. कुरिअरवर टॅक्स कुठला? आणि काकूंच्या बिलाचं काय करायचं?

हिशेबनीस
चपलेला जो दर, तोच कुरिअरला. तिन्ही ओळींत शिपिंगचा चौकोन टिक करा. काकूंचे जादा घेतलेले पैसे परत द्या आणि क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढा. टॅक्स म्हणून घेतलेला पैसा आपल्याकडं ठेवता येत नाही.

तांबडा_रस्सा
साईटवर कॅशेचं (cache, जुनी पानं साठवून ठेवणारं) प्लगिन असेल तर तेही साफ करा, नाहीतर काही जणांना जुनाच आकडा दिसत राहील.