कंपवातात विसावा कसा घ्यावा? कोकणातल्या घरांसाठी अनुभव धागा

‘वायच पड’ (जरा आडवा हो) असं घरात सगळेच सांगतात. पण कधी, किती, कशावर? नेमकं लिहा.

देवगड
विसावा गोळीच्या वेळेशी बांधा. लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवातावरच्या गोळीतल्या औषधाचा, अंमल असेपर्यंत आंघोळ, दाढी, अंगणातल्या फेऱ्या उरका. अंमल उतरू लागला की आडवं व्हा. उलट केलं तर चांगला तास झोपेत जातो आणि ताठरलेल्या अंगाने मोरी गाठावी लागते. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्यासोबत. माशांच्या ताटाबरोबर घेतली तर प्रथिनं आणि औषध आतड्यात एकाच वाटेने शोषलं जातं, त्या चढाओढीत गोळी मागे पडते. रिकाम्या पोटी मळमळत असेल, तर थोडी उकड्या तांदळाची पेज चालते.

दापोली
दुपारी वीस-तीस मिनिटं, गजर लावून, तीनच्या आत. दोन तास झोपलं की अंगाचं लाकूड होतं, वर रात्रही जाते. शर्टाची बटणं लावूनही माणूस दमतो. त्याला आळस म्हणू नका, खुर्ची द्या.

वेंगुर्ला
रात्रीचा खरा त्रास कूस बदलण्याचा. जड गोधडी काढा. सुती चादरीला कपडे अडकतात, म्हणून कमरेखाली सॅटीनचा आडवा पट्टा खोचा. टाचांखाली मात्र सुतीच, नाहीतर रेटा द्यायला आधार राहत नाही. पट्टा खाटेच्या कडेपर्यंत नको, बसताना घसरायला होतं. वळताना गुडघे उभे, मान वळवायच्या बाजूला, वरचा हात पलीकडे, मग गुडघे सोडा. उठल्यावर काठावर दोन मिनिटं बसा. रक्तदाब एकदम उतरला तर डोळ्यांपुढे अंधारी येते.

गुहागर
ओटीवरचा झोपाळा सोडवत नाही, पण उठताना तो मागे सरकतो आणि तोल जातो. हात असलेली, गुडघ्याएवढ्या उंचीची खुर्ची घ्या. उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटले तर हाताला धरून ओढू नका. थांबा, भार एका पायावर द्या, मग दुसरा उचला. उंबऱ्याअलीकडे जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली की पाऊल उचलायला खूण मिळते.

मालवण
खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण कोणीतरी सुचवतंच. त्यात लेव्होडोपाच असतो. गोळ्या चालू असताना वरून घेतलं तर मात्रा किती झाली कळत नाही. हातपाय आपोआप वळवळू लागतात आणि पडूनही विसावा मिळत नाही. आधी डॉक्टरांना विचारा.