मोठी मोटर घेण्याआधी गेट हाताने ढकलून बघा

'पावसाळ्यात सरकतं गेट अर्ध्यावर अडकतं म्हणजे मोटर कमी पडतेय, मोठी बसवा' हे वर दोघांनी सुचवलंय, मला ते पटत नाही. मोटरवरची चावी फिरवून गेट मोटरपासून मोकळं करा आणि गेट हाताने सरकवा. जड जात असेल तर दोष चाकांचा नाहीतर रुळाचा. पुण्यात आमच्या जुन्या बंगल्याच्या गेटचं खालचं बेअरिंग गंजलं होतं, रुळात माती घट्ट बसली होती. बेअरिंग बदललं, रूळ खरवडला, तीच मोटर आता सुरळीत चालतेय. उगाच मोठी मोटर लावली तर मध्ये लहान मूल आलं तरी ती जोराने रेटू शकते, त्यामुळे फोटोसेल (वाटेत कुणी आलं की गेट थांबवणारा प्रकाशकिरणाचा सेन्सर) हवाच.

आणि हो, कंट्रोल बोर्डाच्या (मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या) डब्यात वायर शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवा. तिथूनच मुंग्या आणि पाली आत जाऊन बोर्ड शॉर्ट करतात.