४०७ ला इंजिनवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर, ब्रॅकेट दोनदा फसलं

संकेश्वर_४०७
नमस्कार मंडळी. जुनी टाटा ४०७ आहे माझी, तिच्यातनं फिरती पंक्चरची गाडी चालवतो. उसाचा सीझन लागला की निपाणी संकेश्वर पट्ट्यात रात्री दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्याकडेला बसलेले असतात आणि फोन सुरू होतात. आत्तापर्यंत हौद्यात पेट्रोल इंजिनचा कॉम्प्रेसर होता खरं पेट्रोलातच निम्मी कमाई जाऊलाली, म्हणून गाडीच्या इंजिनवरच फिरवायला दोन पिस्टनचं २ एचपीचं जुनं हेड (कॉम्प्रेसरचा हवा दाबणारा भाग) घेतलं. इंजिनच्या क्रँक पुलीला बेल्टचा एक खाचा रिकामा आहे, बॅटरी सरकवून जागा पण केली.
पहिल्यांदा चेसीवर चॅनेल टाकून बसवलं, तर गाडी बंद करताना बेल्ट उडायचा. मग इंजिनच्या साईडला दोन बोल्टवर ६ मिमी प्लेटचं एल ब्रॅकेट केलं, ते आठव्या दिवशी वेल्डिंगच्या कडेनं चिरलं. हेड पुलीसकट काट्यावर २२ किलो भरलं. वेल्डर म्हणतोय १६ ची प्लेट घालू, तुटतंय कसं बघू. घालू काय?

उद्यमबाग_फॅब्रिकेशन
१६ ची घातलास तर प्लेट राहील आणि ब्लॉकचे बोल्ट जातील, मग रडत बसशील. आधी पहिलं का फसलं ते समजून घे. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलंय, चालू करताना बंद करताना ते अंग झटकतं, चेसी तिथंच असते. म्हणजे क्रँक पुली आणि कॉम्प्रेसरच्या पुलीतलं अंतर सारखं कमीजास्त होतंय, बेल्ट उडणारच. हेड इंजिनवरच पायजे, त्याच्यासोबत हललं पायजे, दुसऱ्यांदा ते बरोबर केलास.
खरं दोन बोल्टवर २२ किलो बाहेर लटकवलास की मर्दा. संकेश्वरच्या रस्त्यावर खड्ड्यात गाडी आदळली की त्या २२ चे क्षणभर ७०-८० किलो होतात, वरनं बेल्टचा ओढा, आणि सगळा ताण कोपऱ्यावर, जिथं तुझं वेल्डिंग आहे. जाडी वाढवून काय होत नाही, तिसरा आधार पायजे. १० ची प्लेट बास, कोपऱ्यात दोन त्रिकोणी गसेट (आधाराचे तुकडे) आणि हेडच्या पुढच्या टोकाकडनं एक तिरका पाय अल्टरनेटरच्या ब्रॅकेटच्या बोल्टवर आण.

खानापूर_ड्रायव्हर
तिसरा पाय चेसीवर टेकवला तर चालतंय की, माझ्या मित्रानं रबर घालून तसंच केलंय.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन
नको ओ. दोन पाय इंजिनवर आणि एक चेसीवर म्हणजे इंजिन हललं की ब्रॅकेटच पिळतंय. तुमच्या मित्राचं किती दिवस झालं बसवून ते विचारा आधी.

खानापूर_ड्रायव्हर
विचारलो. काढून टाकलंय म्हणे दिवाळीत 😅

शिरोली_टर्नर
कोल्हापुरातनं लिहितोय, चालेल ना? ब्रॅकेटवर सगळे बोलले, वेगाकडं कोण बघणार? क्रँक पुली किती मिमी आणि हेडची किती?

संकेश्वर_४०७
क्रँक १५०, हेडची ३००.

शिरोली_टर्नर
म्हणजे निम्मा वेग. १५०० वर इंजिन धरलंस तर हेड ७५० नं फिरणार, छान आहे, असली हेडं ७०० ते ९०० च्या आसपास चालवायची. खरं हायवेला इंजिन २४०० वर गेलं की हेड १२००, आणि तू दिवसभर तसाच फिरतोस. आत तेलाचा पंप नाही, नुसतं कनेक्टिंग रॉडच्या पळीनं तेल उडतंय, बेअरिंगं आणि रिंगा लवकर जाणार. ब्रॅकेट राहिलं आणि हेड गेलं असं व्हायला नको.
एसीचा मॅग्नेट क्लच (करंट दिला की हेड पुलीला जोडणारा, बंद केला की सोडणारा) बसवता येतो, लेथचं काम जरा जास्त आहे. स्वस्तातलं सांगू? पॉवर टिलरला बेल्ट ताणायला लिव्हर असते ना, तसा आयडलर (बेल्टवर दाबणारी मोकळी पुली) कर. बेल्ट ढिला असला की हेड थांबतंय, लिव्हर ओढली की फिरतंय. आयडलर बेल्टच्या ढिल्या बाजूला घालायचा, ओढणाऱ्या बाजूला नाही, आणि ढिला बेल्ट खाच्यातनं बाहेर पडू नये म्हणून दोन सळ्यांची आड लाव. हवा मारायची तेव्हा गाडी उभी, हँड थ्रॉटल १५०० वर, बास.

चिकोडी_एक्सप्रेस
एवढा कुटाणा कशाला, जुन्या कारचा एसी कॉम्प्रेसर लावा की, क्लच फुकटात येतोय.

शिरोली_टर्नर
बहुतेक एसी कॉम्प्रेसरात तेल गॅससोबत फिरून परत येतंय. हवा ओढली की तेल हवेबरोबर टायरात जातंय, परत काय येत नाही, आणि आतनं कोरडा पडून अडकतो. जीपला कधीतरी हवा मारायला लावतात लोकं, तुझा मात्र रोजचा धंदा आहे. १०-२० चा ट्रकचा टायर साधारण १३०-१४० लिटरचा धर, ११० पीएसआय भरायला हजारभर लिटर मोकळी हवा लागते. हेडनं खरोखर ५ सीएफएम (मिनिटाला ५ घनफूट) दिली तरी सात-आठ मिनिटं. आणि हेडवर लिहिलेला आकडा डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन जेवढी जागा कापतो त्याचा असतो, हातात त्याच्या साठ-पासष्ट टक्केच येतंय.

संकेश्वर_४०७
टाकीला हॉटेलवाल्याचा जुना गॅस सिलेंडर मिळूलालाय, त्यालाच सॉकेट वेल्ड करून घेऊ म्हणतोय.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन
हात जोडतो, ते तेवढं करू नको. आत गॅसचा अंश राहिला आणि टॉर्च लावलास तर सॉकेट नाही, तूच उडशील. वाचलास तरी खाली पाणी काढायला जागा नाही, आतनं गंजत जाणार, बाहेरनं रंग झकास दिसणार. टेस्ट केलेली हवेची टाकी घे, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि खाली ड्रेन कॉक असलेली, रोज पाणी काढ.
आणि हेडमधनं निघणारा पाईप रबराचा घालू नको, दीडशे डिग्रीच्या वर जातंय तिथं. आधी तांब्याचा मीटर-दीड मीटर, मग स्टीलची जाळी असलेला टेफ्लॉन होज, कारण टाकी चेसीवर आणि हेड इंजिनवर, मधे लवचिक काहीतरी पायजेच. टाकीच्या तोंडाला एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह). फिल्टरचं तोंड बॉनेटच्या गरम हवेत ठेवू नको, होज लावून बाहेर काढ.

संकेश्वर_४०७
ऐकतो अण्णा, सिलेंडर परत दिला. मोजमाप कसं घ्यायचं तेवढं सांगा, आमचा वेल्डर नजरेनं करतो.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन
नजरेनं केलं म्हणूनच दोनदा केलास. पुठ्ठ्याचं टेम्प्लेट काप, ब्लॉकवर आधीपासून असलेलीच भोकं वापर, नवीन भोक पाडू नको, मागं पाण्याची जागा असली तर संपलं. बोल्ट एम १० असला तर ८.८ ग्रेडचा घे, ओतीव लोखंडात निदान १५ मिमी आत जाऊ दे, साडेचार-पाच किलोच्या टॉर्कला आवळ. ब्रॅकेट आधी पूर्ण वेल्ड कर, मग भोकं पाड. उलटं केलास तर वेल्डिंगच्या ओढीनं भोकं सरकतात आणि मग लोकं भोक मोठं करून बसवतात. गाडीवर वेल्डिंगचा टाका मारायचा असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हीची वायर काढ.
शेवटी दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी ताणून धर, चारी ठिकाणी टेकली पायजे. पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या नसल्या तर खाच्याच्या मधनं मोज.

संकेश्वर_४०७
दोरी लावून बघितली आत्ताच. हेडची पुली ९ मिमी बाहेर!! आणि मी रोज बेल्टलाच शिव्या देऊलालोतो.

संकेश्वर_४०७
उशिरा कळवतोय, सीझनमुळं वेळ नव्हता. १० ची प्लेट, दोन गसेट, तिसरा पाय अल्टरनेटरकडं, लिव्हरचा आयडलर. एकोणीस दिवस झाले, चीर नाही, बेल्टचा भुसा पण पडत नाही. ४०० मिमी अंतराला लिव्हर ओढल्यावर मधे अंगठ्यानं ६-७ मिमी दबतोय. फक्त आयडलर चिरचिरतोय, धूळ जाऊलाली काय की.

शिरोली_टर्नर
बेअरिंग उघडं घातलंस काय? ६२०३ असेल तर दोन्हीकडनं रबर सीलचं घाल. उसाच्या वाटेच्या धुळीत उघडं बेअरिंग पंधरा दिवस टिकलं हेच जास्त झालं.