मामाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, आईनं त्याच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?

शाहूपुरीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. विषय अवघड आहे पण घरात कुणाला विचारावं कळेना म्हणून इथं लिहितेय. आमचं घर ख्रिस्ती, पण आईचं माहेर हिंदू, आई लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आली. तिचा थोरला भाऊ म्हणजे माझा मामा, तो मागच्या महिन्यात हार्ट अटॅकनं गेला. मामा तालमीतला माणूस, कान मोडलेले, आवाज हा मोठा. आईच्या लग्नाला सगळं माहेर रुसून बसलेलं तेव्हा एकटा मामा आला होता, आणि आम्ही लहान असताना पावसाळ्यात रविवारी स्वतःच्या रिक्षातनं आम्हाला चर्चला सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत गेटबाहेर रिक्षात पेपर वाचत बसायचा. आत ये म्हटलं की "तुमचं चालू द्या, मी हितं बराय" एवढंच म्हणायचा. येशूबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, पण माझा विश्वास आहे असंही कधी म्हणाला नाही.

पंचगंगेवर शेणीत दहन झालं, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, आई गेली होती. नंतर आमच्या घरी सांत्वनाची प्रार्थना ठेवली तिथं एक नातेवाईक सगळ्यांसमोर बोलले की मेल्यावर दार बंद होतं, आता त्याच्यासाठी प्रार्थना करून उपयोग नाही आणि करणंच चूक आहे. तेव्हापासनं आई गप्प झालीय. भाकरी थापता थापता मध्येच थांबते आणि विचारते "दादा कुठं असंल गं?" मला काय सांगावं कळत नाही.

तर माझा प्रश्न असा की मेल्यानंतर देवाची कृपा माणसापर्यंत पोचू शकते का? शास्त्र काय म्हणतं, आधीच्या लोकांनी काय म्हटलंय? नुसतं बरं वाटावं म्हणून काही लिहू नका प्लीज, आईला खोटं सांगायचं नाहीये मला.

मिरजेचे_काका

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी बरीच वर्षं मंडळीत पंच होतो, अशा घरांत जाऊन बसलोय, त्यामुळं तुमचा प्रश्न वाचून जीव कळवळला. तुम्ही खरं मागितलंय म्हणून अवघड भाग आधी सांगतो.

इब्री ९:२७ मध्ये माणसानं एकदाच मरायचं आणि त्यानंतर न्याय, असं आहे. लूक १६ मध्ये श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्यामध्ये मोठी दरी आहे, इकडून तिकडं कुणाला जाता येत नाही. आपल्या कोल्हापूर भागात १८५२ ला वायल्डरसाहेब आले ते अमेरिकन मिशनरी, पुढं इथलं काम प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मिशनकडं गेलं, आणि प्रेस्बिटेरियन लोकांचा जो १६४७ सालचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार आहे त्यात स्पष्ट लिहिलंय की मेलेल्यांसाठी प्रार्थना करू नये आणि मेल्यावर स्वर्ग आणि नरक सोडून तिसरी जागा शास्त्रात नाही. म्हणजे तुमचे नातेवाईक मनचं काही बोलले नाहीत, आम्ही लहानपणापासून हेच शिकलो आणि मीही हेच मानतो.

पण तेवढ्यावरून मामांचा निकाल लावायचा अधिकार त्यांना कुणी दिला? वधस्तंभावरच्या चोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता, त्यानं एक उपासना पण केली नव्हती, शेवटच्या घटकेला तो एक वाक्य बोलला आणि येशूनं त्याला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" म्हणून शब्द दिला. मामांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांच्या मनात काय आलं हे खोलीतल्या माणसालाही कळलं नसेल. इतकी वर्षं गेटबाहेर गाणी त्यांच्या कानावर पडत होतीच ना. दार मरणाशी बंद होतं असं मी मानतो, पण ते बंद व्हायच्या आत कोण आत गेलं याची यादी कुठल्याच पंच कमिटीकडं नसते.

लाल_माती

मी ख्रिश्चन न्हाई, तालमीतला विषय दिसला म्हणून वाचत बसलो. ताई तुमचा मामा लई मोठ्या मनाचा माणूस हुता एवढं तर दिसतंयच. काकांना एक विचारतो राग मानू नका, ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंबाबाई आणि जोतिबा, आणि तुमचे साहेब आलेच १८५२ ला, मग त्याच्या आधी जी माणसं हितं जगली आणि मेली त्यांचं काय? त्यांना कुणी सांगाय तर आलंच न्हवतं की.

मिरजेचे_काका

राग कसला, हा प्रश्न आमच्या पणजोबांनीही विचारला असणार कारण त्यांचेही आईवडील त्यातच गेले. पौल रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की ज्यांच्याकडं नियमशास्त्र नाही त्यांच्या मनावर ते लिहिलेलं असतं आणि न्याय त्याप्रमाणं होईल. आणि अब्राहामानं देवाला तोंडावर विचारलं होतं, सगळ्या जगाचा न्याय करणारा न्यायानं वागणार नाही का? मी त्याच्यापुढं जात नाही.

वसईचा_सध्या_कोल्हापूर

मी कॅथलिक आहे, नोकरीमुळं इथं. आमच्याकडं हे बरंच वेगळं आहे म्हणून लिहितो. २ नोव्हेंबरला आमच्या गावात अख्खं दफनस्थान फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरतं, प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी, फादर येऊन कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो, त्यांच्या नावानं मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सांगतो. जो देवाच्या कृपेत मेला पण अजून पूर्ण शुद्ध झाला नाही त्याला शुद्ध करणारी अवस्था म्हणजे पर्गेटरी, ती दुसरी संधी नाही हे मात्र नीट समजून घ्या, तिथं पोचलेला माणूस वाचलेलाच असतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या पत्रात लिहिलंय की काही अलीकडच्या अभ्यासकांच्या मते तो जाळणारा आणि वाचवणारा अग्नी म्हणजे ख्रिस्तच, त्याची भेट हीच शुद्धी. मला हे फार पटतं.

आणि लाल माती दादा, तुमचा प्रश्न जपानी लोकांनी आमच्या संत फ्रान्सिस झेवियरना विचारला होता. १५५२ च्या पत्रात ते स्वतः लिहितात की नवे ख्रिस्ती झालेले लोक आपल्या मेलेल्या आईबापांसाठी रडायचे, दानधर्म करून, प्रार्थना करून त्यांना नरकातून बाहेर काढता येणार नाही का असं विचारायचे, आणि झेवियर त्यांना नाही म्हणून सांगायचे. त्यांना स्वतःलाही ते रडणं बघून वाईट वाटायचं. पुढं १९६४ ला आमच्या चर्चच्या व्हॅटिकन परिषदेनं लिहून ठेवलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणं चांगलं वागतात त्यांचंही तारण होऊ शकतं. म्हणजे त्या जपानी लोकांना हे उत्तर मिळायला चारशे वर्षं लागली, मला हे वाचताना दरवेळी त्रास होतो.

ताई, आमच्या चर्चच्या कायद्यात फादर कुठल्याही जिवंत किंवा मृत माणसासाठी मिस्सा अर्पण करू शकतात, बाप्तिस्म्याची अट नाही. आईंना चालत असेल तर मी मामांच्या नावानं सांगतो, फक्त नाव कळवा.

गडहिंग्लजचा_विद्यार्थी

मी पुण्यात थिऑलॉजी करतोय. काकांना मान देऊनच लिहितो, पण प्रोटेस्टंट लोकांतही हा प्रश्न एवढा मिटलेला नाही. १५२२ ला प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरला हान्स फॉन रेखेनबर्ग नावाच्या सरदारानं जवळजवळ हेच विचारलं होतं, विश्वास न ठेवता मेलेल्यांचं तारण होईल का. लूथर आधी ठणकावून सांगतो की विश्वासाशिवाय तारण नाही. पण मग म्हणतो, मरताना किंवा मेल्यानंतर देव कुणाला विश्वास देऊ शकतो का हा वेगळा प्रश्न झाला, देवाला ते जमतं यात शंका कोण घेईल, पण तो तसं करतोच हे कुणी सिद्ध करू शकत नाही. ताई, खोटं सांगायचं नसेल तर तुमच्या आईंना यातली दोन्ही वाक्यं सांगा, एकच सांगू नका.

शास्त्रात १ पेत्र ३:१९ आणि ४:६ बघा. ख्रिस्तानं तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा केली आणि मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली गेली असं तिथं आहे. याचा अर्थ लावण्यात मोठमोठी माणसं वेगळी गेलीत, ऑगस्टिनच्या मते ख्रिस्तानं नोहाच्या काळातच, त्या लोकांच्या हयातीत, आत्म्यानं प्रचार केला होता, त्यामुळं या एका वचनावर सगळं उभं करायला मी सांगणार नाही. पण प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत विश्वासाची जी कबुली म्हणतो त्यात, ख्रिस्त अधोलोकात उतरला असं आपणच म्हणतो ना, घाईघाईत म्हणतो आणि पुढं जातो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या इथं थांबतात. त्यांचं पुनरुत्थानाचं चित्र नेटवर शोधून आईंना मोबाईलवर दाखवा. त्यात रिकामी कबर नसते. ख्रिस्त खाली मृतांच्या जागेत उभा असतो, पायाखाली अधोलोकाची दारं मोडून आडवी पडलेली, कुलपं, किल्ल्या, खिळे अंधारात विखुरलेले, आणि त्यानं एका बाजूला आदाम आणि दुसऱ्या बाजूला हव्वा यांना धरून वर ओढलेलं असतं. कितीतरी चित्रांत त्यानं त्यांचा हात धरलेला नसतो, मनगट धरलेलं असतं. हातात हात असता तर दोघांनीही धरलंय असं झालं असतं, इथं सगळी ओढ एकाच्याच बाजूची आहे. मेलेल्या माणसाकडं धरायला ताकद कुठं असते.

चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी तर याहून पुढं गेला. ३७९ च्या सुमारास त्याची मोठी बहीण माक्रिना मरणाला टेकली होती, तिच्या खाटेजवळ बसून दोघं भाऊबहीण आत्म्याबद्दल आणि पुनरुत्थानाबद्दल बोलले, ते त्यानं नंतर लिहून काढलं. त्यात असं आहे की देवाचा अग्नी माणसातलं वाईट जाळतो, सोन्यातला हीण जळावा तसा, आणि शेवटी सगळं देवाकडं येतं. त्याच्या आधी असंच शिकवणाऱ्या ओरिगेनला ५५३ च्या चर्च परिषदेत दोषी धरलं, ग्रेगरीला मात्र कुणी हात लावला नाही, तो संतच राहिला. मी यावरून एवढंच धरतो की सगळे वाचणारच असं ठोकून सांगायची परवानगी आपल्याला नाही, मत्तय २५ मधला शेवटचा न्याय पुसून टाकता येत नाही, पण सगळ्यांसाठी आशा धरायला कुणी मनाई केलेली नाही. १ तीमथ्य २:४ प्रमाणं सगळ्यांचं तारण व्हावं ही देवाचीच इच्छा आहे, मग आपण तीच इच्छा धरली तर त्यात पाप कसलं?

आणि एक अडचण मोकळेपणानं सांगतो. सुवार्ता कळलीच नाही असं मामांबद्दल म्हणता येत नाही, ते गेटपर्यंत येत होते. म्हणून मी १९६४ च्या वाक्यावर फार भार देणार नाही. मामांना काय कळलं होतं आणि काय अडवत होतं, घर, समाज, भावकी, हे देवालाच माहीत.

शाहूपुरीची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, आईला वाचून दाखवलं. ते चित्र पण दाखवलं, बराच वेळ झूम करून बघत होती. वसईच्या दादा, मामाचं नाव मेसेजमध्ये कळवते, आई हो म्हणाली. तिनं अजून दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे रक्षा नदीत सोडली, मग पुनरुत्थान कशाचं होणार? आणि दुसरं, प्रार्थना करायची तर शब्द काय वापरायचे, कारण तिला भीती वाटते की आपण देवाला चुकीचं काही मागतोय.

गडहिंग्लजचा_विद्यार्थी

पहिल्याचं उत्तर पक्कं आहे. इसवी सन १७७ मध्ये आत्ताच्या फ्रान्समधल्या ल्योन शहरात ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं, त्यात ब्लांडिना नावाची गुलाम मुलगी होती. मारणाऱ्यांनी मुद्दाम प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत ढकलली, म्हणजे यांना पुनरुत्थानाची आशा उरायला नको. मागं राहिलेल्या मंडळीनं हे सगळं पत्रात लिहून दुसऱ्या मंडळ्यांना कळवलं आणि आशा काही सोडली नाही. ज्यानं मातीतनं माणूस केला त्याला पंचगंगेतली राख सापडणार नाही असं होत नाही.

दुसऱ्याचं पण आहे. लूथरनं १५२८ मध्ये लिहिलंय की मृतांसाठी एखाद्यानं अशी प्रार्थना केली तर ते पाप नाही: हे देवा, हा आत्मा तुझी दया पोचेल अशा स्थितीत असेल तर त्याच्यावर दया कर. एकदोनदा करावी आणि मग देवावर सोडावं, असंही तो म्हणतो. यात देवाला हुकूम नाही, खात्री असल्याचा आव नाही, आणि आपल्या माणसाला विसरणंही नाही.

मिरजेचे_काका

माझं मत आहे तेच आहे, उपासनेत पुलपिटवरून मेलेल्यांसाठी प्रार्थना मी करणार नाही. पण एक बहीण घरात बसून एवढे शब्द बोलत असेल तर तिला अडवणारा मी कोण. ताई, आईंसोबत रोम ८ ची शेवटची दोन वचनं मोठ्यानं वाचा, देवाच्या प्रीतीपासून वेगळं न करू शकणाऱ्या गोष्टींची तिथं यादी आहे आणि त्यात पहिलं नाव मरणाचं आहे. पौल ते विश्वासणाऱ्यांना लिहितो हे मला माहीत आहे, पण तुमच्या आईही विश्वासणाऱ्याच आहेत आणि आत्ता ते ऐकायची गरज त्यांना आहे. तुमच्या पाळकांना घरी बोलवा, ते नातेवाईक जे बोलले ते त्यांच्या कानावर घाला.

आणि मामींकडं आत्ता कोण आहे? घरात मिळवतं माणूस होतं की मामांच्या रिक्षावरच चालायचं, मुलं किती लहान आहेत, हे कुणीच विचारलं नाही इथं. कळवा, मिरजेहून मी आणि आमच्या घरची येऊन भेटून जातो.