अनरीयलसाठी लॅपटॉपची रॅम वाढवायचीय, १६-१६ चा जोड घेऊ काय?

टिळकवाडी_पिक्सेल:
नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू हाय, आम्ही तिघं मिळून अनरीयल ५ मध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक गेम करायलोय, राजहंसगडासारखा एक किल्ला, पाऊस, धुकं वगैरे. लॅपटॉप ११ व्या जनरेशनचा आय५ एच सिरीज, ३०५० ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं, आणि रॅम फक्त ८. सी प्लस प्लसचं कंपाईल (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणं) लावलं की माउससुद्धा हलत नाही, चहा पिऊन आलो तरी तिथंच, आणि मधेच एडिटर धाडकन बंद. टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' दाखवतंय, म्हणजे ८ ची काढून १६-१६ च्या दोन बसवाव्या म्हणतोय. इथं एका दुकानात विचारलं तर म्हणे कुठलीही बसते, आणि पप्पा म्हणतात बेंगळुरूला एसपी रोडला स्वस्त मिळेल. काय करू?

निपाणीचा_कोडर:
थांब गा जरा, पैसे टाकायच्या आधी त्याच टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर खाली 'फॉर्म फॅक्टर' काय लिहिलंय बघ. 'एसओडीआयएमएम' असेल तर निघणारी स्टिक. 'रो ऑफ चिप्स' असेल तर तुझी ८ जीबी मदरबोर्डलाच सोल्डर हाय, विंडोज तिलाच एक स्लॉट धरतंय, आणि खरा स्लॉट एकच. जोड आणलास तर त्यातली एक घरात शोभेला ठेवावी लागेल.

आणि एडिटर पडतो तेव्हा मेसेज काय येतो? 'आऊट ऑफ व्हिडिओ मेमरी' असेल तर ते तुझ्या ३०५० च्या स्वतःच्या ४ जीबी मेमरीचं रडगाणं, ६४ जीबी रॅम घातलीस तरी जाणार नाही, टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) कमी करावे लागतील.

शहापूरकर_०८३१:
"कुठलीही बसते" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नकोस भावा. मला असंच एकानं डीडीआर ५ (रॅमची नवी पिढी) दिली होती, माझा लॅपटॉप ४ चा. दिसायला सारख्याच की, लांबीपण तेवढीच, पण ४ ला २६० पिन, ५ ला २६२ आणि मधली खाच जराशी सरकलेली. मी येडा जोर लावत बसलो, नशीब स्लॉट मोडला नाही. परत द्यायला गेलो तर पाकीट फोडलंय म्हणून घेईना. साधी डीडीआर ४, ३२००, १.२ व्होल्ट बघून घे. गेमिंगवाली पत्रा लावलेली नको, तिचा स्पीड बऱ्याचदा एक्सएमपीवर (जादा स्पीडची तयार सेटिंग) असतो आणि बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन चालू होतानाची मूळ सेटिंग) ते नसतंच, मग जास्त पैसे देऊन कमी स्पीडवर पळते.

टिळकवाडी_पिक्सेल:
निपाणीवाले दादा, पाया पडतो! 'रो ऑफ चिप्स'च हाय. मागचं झाकण काढून पण बघितलं, एकच स्लॉट, तो पण रिकामा. आणि लॉगमध्ये 'रॅन आऊट ऑफ मेमरी' असं हाय, व्हिडिओ कुठं नाही. मग आता १६ ची एक घेऊ का ३२ ची? ८ सोबत ३२ वाकडं नाही का होत?

निपाणीचा_कोडर:
वाकडं होतं पण चालतं. इंटेलमध्ये ८ आणि १६ घातलीस तर ८-८ ची जोडी लागून १६ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये (दोन वाटांनी, जास्त वेगात) पळते, उरलेली ८ सिंगलमध्ये. ३२ घातलीस तर तीच १६ ड्युअल, बाकी २४ सिंगल. अनरीयल बनवणारी एपिक कंपनी स्वतः त्याला ३२ जीबी सुचवते, त्यामुळं खिसा असेल तर ३२ ची घे, पण आधी तुझ्या मॉडेलला किती चालते ते कंपनीच्या साईटवर बघ. आणि कंपाईल चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये 'कमिटेड'चा (सगळ्या प्रोग्रामनी मिळून मागितलेली मेमरी) आकडा बघ, खरी भूक तिथं कळते.

खानापूर_रेंज_नाही:
माझं मत जरा वेगळं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठल्या कुठं गेलेत, सगळा माल त्या एआयच्या डेटा सेंटरला, आता विद्यार्थ्यानं ३२ घ्यायची म्हणजे बापाच्या खिशाला भोक. आधी फुकटचं कर. अनरीयल कंपाईल करताना एकाच वेळी ढीगभर प्रोसेस सोडतं आणि एकेक प्रोसेस जीबीच्या पुढं खाते. बिल्ड कॉन्फिगरेशनच्या एक्सएमएल फाईलमध्ये 'मॅक्स पॅरलल ॲक्शन्स' ४ कर. वेळ थोडा जाईल, पण मशीन गुदमरणार नाही. क्रोम बंद ठेव, ते सांगायलाच नको. मी इथं पावसात, तासाला करंट जातो अशा ठिकाणी १६ वर अख्खी गेम काढली.

टिळकवाडी_पिक्सेल:
अपडेट. कमिटेड बघितलं, २१ जीबीपर्यंत जात होतं. ॲक्शन्स ४ केल्यावर १७ वर आलं, पण ८ च्या रॅमला ते पण जडच, रॅममध्ये न मावलेला सगळा भार एसएसडी डिस्कवर. शेवटी १६ ची एक घेतली, दुकानदारानं समोर बसवून चालू करून दाखवायच्या बोलीवर. त्यानं बसवली आणि स्क्रीन काळीच! माझा जीव खाली-वर. मग काढून तिरकी धरून आत सरकवली, वरून दाबली, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् करून लागल्या, तेव्हा चालू झालं. पहिल्यांदा नीट बसलीच नव्हती. आता २४ दाखवतंय, कंपाईल चालू ठेवून हे टाईप करायलोय. फक्त एक विचारायचं राहिलं, धुक्यात फ्रेम अजून पडतात, ते ३०५० च ना?

निपाणीचा_कोडर:
तेच. व्हॉल्युमेट्रिक फॉगची सेटिंग उतरव आणि नवीन धागा काढ, इथं रॅमचं चाललंय.