स्टार फॉक्स झीरो: एकाच खेळाबद्दल इतकी टोकाची मते का?

कक्षाबाह्य (पुणे)

सर्वांना नमस्कार. २२ एप्रिल २०१६ रोजी निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर) आलेल्या ‘स्टार फॉक्स झीरो’ या अंतराळयुद्धाच्या व्हिडिओ गेमबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. माझा दादा गेल्या आठवड्यात अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने कन्सोल आणि हा खेळ दोन्ही बरोबर आणले. तिकडचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असल्यामुळे टीव्हीशेजारी एक ट्रान्सफॉर्मर अखंड गुणगुणत असतो आणि आईला तो आवाज खेळातलाच वाटतो, असो.

खेळ सुरू करण्याआधी मी परीक्षणे वाचली आणि पुरता गोंधळलो. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरची सरासरी शंभरपैकी सत्तरीच्या जरा खाली घुटमळते आहे. खेळांची परीक्षणे करणाऱ्या आयजीएन या संकेतस्थळाने दहापैकी ७.५ गुण दिले आहेत. तशाच पॉलिगॉन या संकेतस्थळाच्या परीक्षकाने तर खेळ पुरा करण्याची इच्छाच उरली नाही, असे सांगून गुण न देताच लेख प्रसिद्ध केला. दुसरीकडे या मालिकेचे जुने चाहते खेळाची अशी तरफदारी करत आहेत की, जणू परीक्षकांनी दुसराच कुठला तरी खेळ खेळला असावा. आवडीनिवडी वेगळ्या असतात हे मान्य. पण इथे वाद कथेवर किंवा चित्रांवर नसून नियंत्रणांवर आहे, आणि नियंत्रणे चांगली की वाईट, याबाबत तरी थोडेफार एकमत व्हायला हवे होते, असे मला वाटते.

माझा स्वतःचा अनुभव दोन संध्याकाळींचा आहे. कॉर्नेरिया या खेळातल्या ग्रहावरच्या पहिल्याच मोहिमेत एका उंच मनोऱ्यावर कोळ्यांसारखी यंत्रे चढू लागतात आणि ती माथ्यावर पोहोचण्याआधी टिपायची असतात. टीव्हीवर आपले आर्विंग विमान पाठीमागून दिसते, तर हातातल्या गेमपॅडच्या (वी यूच्या पडदा असलेल्या कंट्रोलरच्या) पडद्यावर वैमानिकाच्या आसनावरून दिसणारे दृश्य असते, आणि नेम धरायचा तो गेमपॅड प्रत्यक्ष हलवून. टीव्हीकडे पाहिले की नेम हुकतो, गेमपॅडकडे पाहिले की विमान मनोऱ्यावर आदळते. दहा मिनिटांनी भानावर आलो तेव्हा गेमपॅडचे तोंड खिडकीकडे होते आणि मी सोफ्यावर पार तिरका झालो होतो. दोष माझ्या हातांचा आहे की रचनेचा? नेट धरून पुढे खेळावे का?

चौसष्टचा वैमानिक (एडिसन, न्यू जर्सी)

मी हा खेळ आतापर्यंत तीनदा संपवला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी तिरके बसण्यावर उपाय. ‘वाय’ बटण दाबले की नेमाचे चिन्ह पुन्हा मध्यभागी येते. हे बटण अधूनमधून नव्हे, तर श्वास घेतल्यासारखे सतत दाबायचे असते, ही गोष्ट खेळ म्हणावी तशी ठसवून सांगत नाही. दुसरे असे की, गोळीबाराचे बटण दाबलेले असतानाच गेमपॅडच्या हालचालीची दखल घेतली जावी, अशी सोय पर्यायांमध्ये आहे. ती सुरू करा. तिसरे म्हणजे गेमपॅड मांडीवर टेकवू नका. छातीच्या किंचित खाली, टीव्हीच्या खालच्या कडेलगत दिसेल असा धरा, म्हणजे मान न हलवता नुसती नजर खाली-वर करून भागते.

आता मूळ मुद्दा. १९९७ च्या ‘स्टार फॉक्स ६४’मध्ये विमानाचे नाक जिकडे, तिकडे गोळी जात असे. शत्रू बाजूने निसटला की तो गेला. या नव्या खेळात उडण्याची दिशा आणि नेमाची दिशा यांची ताटातूट केली आहे. उजवीकडे वळत असताना डावीकडून झेपावणाऱ्या विमानाला टिपता येते; एखाद्या अवाढव्य जहाजाच्या पाठीवरून सरळ उडत जाताना खालचे तोफखाने एकेक करून उडवता येतात. पहिल्या खेपेला हे मलाही जमले नाही. दुसऱ्या खेपेला कॉर्नेरिया खेळताना मात्र असा एक क्षण आला की, डावा अंगठा विमान सांभाळत होता, दोन्ही मनगटे नेम धरत होती, आणि आपण दोन कामे करतो आहोत याचा मला विसर पडला होता. सायकलचा तोल जसा समजावून सांगता येत नाही, तसाच हा हात बसण्याचा प्रकार आहे.

परीक्षकांवर मी दुष्टपणाचा आरोप करणार नाही, पण त्यांची अडचण लक्षात घ्या. पहिली फेरी काही तासांत संपते. ठरलेल्या तारखेआधी लेख द्यायचा असेल, तर माणूस ती एकच फेरी खेळतो, आणि नेमकी तीच फेरी शिकण्यात जाते. लपलेले मार्ग आणि पदके ही या मालिकेची खरी मजा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून सुरू होते, तोवर त्यांचे गुण छापून झालेले असतात.

रेषाकाम (बेंगळुरू)

मी पोटापाण्यासाठी ॲप्लिकेशनचे पडदे आखतो, म्हणून वैमानिकसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझी ठाम हरकत आहे. ‘तुम्ही पुरेसे शिकला नाहीत’ असे वापरणाऱ्याला सांगण्याची पाळी आमच्यावर आली, तर आम्ही ते आमचे अपयश समजतो.

शिकण्याची अडचण आणि रचनेतली अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायकलचा तोल एकदा साधला की अडचण संपते. इथे हात कितीही तयार झाला, तरी दोन पडदे दोन वेगवेगळ्या अंतरांवरच राहणार. टीव्ही आठ-दहा फुटांवर आणि गेमपॅड जेमतेम हातभर अंतरावर. प्रत्येक वेळी नजर खाली आणली की डोळ्यांना नव्याने दृष्टी जुळवावी लागते, आणि हे सरावाने नाहीसे होत नाही. त्यात भर म्हणजे टीव्हीवरचे नेमाचे चिन्ह विश्वासार्ह नाही. कॅमेरा विमानाच्या मागे आणि वर, तर गोळी निघते विमानातून, त्यामुळे जवळच्या लक्ष्याबाबत दोन्हींत फरक पडतोच. खरा नेम कळतो तो गेमपॅडवर. म्हणजे जो पडदा सुंदर आहे तो फसवा, आणि जो खरा आहे तो चिमुकला.

या मालिकेचा इतिहास पाहिला तर हे कुठे बिनसले ते नेमके कळते. १९९३ चा पहिला खेळ कार्ट्रिजमध्येच बसवलेल्या, त्रिमितीय चित्रे काढणाऱ्या सुपर एफएक्स चिपचे सामर्थ्य दाखवण्यासाठी होता. १९९७ चा खेळ कंट्रोलरला थरथर आणणाऱ्या रंबल पॅकबरोबर आला. म्हणजे प्रत्येक वेळी नव्या यंत्राची जाहिरात होतीच, आणि त्यात गैर काही नाही. फरक इतकाच की, चिपने निमूटपणे आपले काम केले, रंबल पॅकने धक्का बसल्याची जाणीव तेवढी दिली. खेळणाऱ्याकडून त्यांनी काहीही मागितले नाही. गेमपॅड मात्र तुमची अर्धी नजर मागतो. नाकापेक्षा मोती जड झाला तो इथे. साध्या, जुन्या पद्धतीने खेळण्याचा पर्याय तेवढा दिला असता, तर ही चर्चाच झाली नसती.

आणि झोनेस या ग्रहावरच्या मोहिमेबद्दल चाहते गप्प का असतात? त्या मोहिमेत गायरोविंग नावाचे ड्रोनसारखे संथ यान देतात. शोधदिव्यांच्या झोतांतून लपतछपत जायचे, थांबायचे, दोरीने एक छोटा यंत्रमानव खाली सोडायचा, संगणकाला जोडायचा, पुन्हा वर ओढायचा. वेग हाच ज्या मालिकेचा प्राण, तिच्यात हा टप्पा म्हणजे लग्नाच्या वरातीत मध्येच शासकीय कार्यालयाची रांग. प्लॅटिनमगेम्ससारखी चपळ खेळांसाठी नावाजलेली कंपनी निर्मितीत असताना हे व्हावे, याचे अधिक वाईट वाटते.

मधलीआळी (रत्नागिरी)

मी हा खेळ खेळलेलो नाही, त्यामुळे फक्त गुणांविषयी. आपल्याकडे दहावीला पंचाहत्तर टक्के मिळाले की विशेष प्रावीण्य म्हणतात आणि पेढे वाटतात. खेळांच्या परीक्षणांत मात्र ७.५ म्हणजे ‘बरा आहे’ आणि सात म्हणजे जवळजवळ नापास, अशी रीत पडून गेली आहे, कारण मोठ्या कंपन्यांच्या खेळांना आठ-नऊ गुण देण्याची सवयच लागली आहे. त्यामुळे आयजीएनचे परीक्षण आपण सारे गुणांचा आकडा पाहून वाचतो की मजकूर वाचून, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे. पॉलिगॉनच्या लेखाला आकडाच नसल्यामुळे लोकांना तो निदान पूर्ण वाचावा लागला.

दोघींचे_विमान (सिंगापूर)

वरच्या चर्चेत एक गोष्ट कोणीच सांगितली नाही, म्हणून लिहिते. हा खेळ दोघांना मिळून खेळता येतो. एकीने प्रो कंट्रोलर (पडदा नसलेला वेगळा कंट्रोलर) घेऊन टीव्हीकडे पाहत विमान चालवायचे आणि दुसरीने गेमपॅड घेऊन फक्त नेम धरायचा. माझी नऊ वर्षांची लेक तोफा सांभाळते आणि मी विमान. रेषाकाम यांनी सांगितलेला नजरेचा सगळा त्रास यात संपतो, कारण प्रत्येकीला एकच पडदा पाहायचा असतो. त्याऐवजी भांडणे सुरू होतात ती वेगळ्या प्रकारची: ‘आई, सरळ चालव ना, माझा नेम हलतो!’ हे वाक्य मी एका संध्याकाळी किती वेळा ऐकले, ते मोजलेले नाही. शत्रूच्या गोळ्या परतवण्यासाठी मी विमानाची गिरकी घेतली की ती संतापते, आणि नाही घेतली तर ढाल संपते.

एकट्याने खेळले तेव्हा मात्र मला हा खेळ दमवणारा वाटला. साथीदारांचे आवाज टीव्हीऐवजी गेमपॅडच्या स्पीकरमधून येतात, ते लेकीला फार आवडते. स्लिपी या बेडूक साथीदाराचा आवाज हातातूनच आल्यामुळे तिला तो बेडूक खरोखर गेमपॅडच्या आत बसला आहे असे वाटते. परीक्षकांपैकी कितीजणांनी सोबत कुणाला तरी बसवून हा खेळ पाहिला असेल, अशी मला शंका आहे.

चौसष्टचा वैमानिक (एडिसन, न्यू जर्सी)

रेषाकाम, झोनेसबद्दल मी निमूटपणे हात वर करतो. ती मोहीम मी तिन्ही खेपांना केवळ कर्तव्य म्हणून उरकली. लँडमास्टर रणगाडा चालेल, कोंबडीसारखे दोन पायांवर चालणारे वॉकर तर मला मनापासून आवडते, कारण ‘स्टार फॉक्स २’ या जवळजवळ पूर्ण होऊनही नव्वदच्या दशकात बाजारात न आलेल्या खेळातली ती कल्पना इतक्या वर्षांनी कुठे तरी उजाडली. गायरोविंग मात्र नको होते. पर्यायी नियंत्रणांचा मुद्दाही मला मान्य करावा लागतो. ती दिली असती तर माझे काही बिघडले नसते.

नजरेच्या बाबतीत मात्र तुम्ही अर्धेच सांगता आहात. दोन्ही पडद्यांकडे सारखे पाहायचे नसतेच. सरावानंतर नव्वद टक्के वेळ नजर टीव्हीवर असते, आणि शत्रू अगदी जवळ आला किंवा एखाद्या मोठ्या यंत्राचा नाजूक भाग हेरायचा असला, तरच खाली जाते. गाडी चालवताना आपण आरशात पाहतो तेवढेच. वजा चिन्हाचे बटण दाबले की दोन्ही दृश्यांची अदलाबदलही होते, म्हणजे वैमानिकाचे दृश्य टीव्हीवर मोठे घेता येते. तुमच्या भाषेत ‘खरा पडदा चिमुकला’ राहण्याची सक्ती नाही.

आणखी एक कबुली देऊन टाकतो, कारण माझे मत कितपत तटस्थ आहे ते वाचणाऱ्यांना कळायला हवे. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता जुलै २०१५ मध्ये वारले. खेळ संपल्यावर श्रेयनामावलीत, लढाईत कामी आलेल्या आपल्या साथीदाराला हा खेळ अर्पण केला आहे, अशा अर्थाची ओळ येते. तिथे नाव दिलेले नाही, पण आम्हाला ते शोधावे लागले नाही. मी बराच वेळ तो पडदा तसाच ठेवून बसलो होतो. त्यानंतर कुणी मला गुण द्यायला सांगितले असते, तर मी दहापैकी किती दिले असते, ते सांगायला नको. मालिकेची वर्षानुवर्षे वाट पाहणारा माणूस आणि त्या आठवड्यात आणखी दोन खेळांवर लिहायचे असलेला माणूस यांच्या हातात खेळ एकच असला, तरी पाटी सारखी कोरी नसते.

रेषाकाम (बेंगळुरू)

आरशाची उपमा चांगली आहे, पण आरसा गाडीचे चाक फिरवत नाही. अदलाबदलीचे बटण मी वापरले आहे. दृश्य मोठे होते खरे, पण मग विमानाचे पंख कशाला घासतात ते दिसेनासे होते, म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरा खणला. तरीही एक सांगतो: शेवटचे परिच्छेद वाचून तुमच्या तीन फेऱ्या मला अधिक समजल्या. आणि दोघींनी मिळून उडवण्याची कल्पना मला सुचली नव्हती. माझा धाकटा भाऊ रविवारी येणार आहे, तेव्हा करून पाहतो. हा खेळ मुळातच दोन माणसांसाठी आखला आणि मग एकाच्या गळ्यात बांधला, असे निघाले तर मला नवल वाटणार नाही.

कक्षाबाह्य (पुणे)

सर्वांचे आभार. काल रात्री पर्यायांतली ती सोय सुरू केली, गेमपॅड छातीपाशी धरला आणि कॉर्नेरिया लागोपाठ चार वेळा खेळलो. पहिल्या तीन वेळा विशेष फरक जाणवला नाही. चौथ्या वेळी मनोऱ्याला वळसा घालताना वरून दुसऱ्या क्रमांकाचा कोळी टीव्हीच्या चौकटीबाहेर गेला होता. मी गेमपॅड किंचित वर उचलला, तो मला तिथे दिसला आणि विमान न वळवता पडला. वैमानिकसाहेब ज्याबद्दल बोलत होते ते हेच असावे. लगेच पुढच्या वळणावर मी मनोऱ्याला धडकलो, म्हणजे रेषाकामही बरोबर आहेत.

दादाची सुट्टी अजून नऊ दिवस आहे. त्याने विमान चालवायचे आणि मी नेम धरायचा, असे आज ठरले आहे, मात्र आमच्याकडे प्रो कंट्रोलर नाही. आधीच्या वी कन्सोलचा रिमोट आणि त्याला तारेने जोडायचा नंचक हा दुसऱ्या हातातला कंट्रोलर वापरून वैमानिकाचे काम नीट होते का, हे सिंगापूरच्या ताईंनी किंवा आणखी कुणी करून पाहिले असल्यास कृपया कळवावे.

दोघींचे_विमान (सिंगापूर)

होते. नंचकाची तार तेवढी आखूड पडते, म्हणून गिरकी घेताना कोपर शेजारच्याला लागणार नाही इतके अंतर ठेवून बसा.