शब्दचर्चा : मोटरबोटीचा ‘ट्रिम’, ‘ट्रिम टॅब’ आणि ‘हायड्रोफॉइल’ यांना मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

धरणाच्या पाण्यात छोट्या मोटरबोटी चालवणाऱ्या आमच्या मंडळींसाठी मराठीत एक माहितीपत्रक लिहितो आहे. बोट चौदा फुटी, फायबरची, मागे २५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले) इंजिन. वेग घेताना पुढची बाजू इतकी वर येते की चालवणाऱ्याला समोरचे पाणी दिसत नाही. मागे दोन माणसे जास्त बसली तर बोट पाणी कापतच राहते, वर येत नाही. यावर दोन उपाय सांगतात : इंजिनाला लावायचे हायड्रोफॉइल (पाण्यात राहून उचल देणारी पंखासारखी पट्टी) आणि बोटीच्या मागच्या फळीला लावायचे ट्रिम टॅब (बिजागरीवरच्या पट्ट्या). मी ‘ट्रिम’ला ‘संतुलन’, ‘ट्रिम टॅब’ला ‘संतुलन पट्टी’ आणि हायड्रोफॉइलला ‘जलपर्ण’ लिहिले. वाक्ये व्याकरणाने बरोबर आहेत, पण वाचून काय करायचे ते कळत नाही. कृपया सुचवा.

प्रतिसाद १

‘जलपर्ण’ नको. पवना आणि इंद्रायणी नद्यांमुळे ‘जलपर्णी’ हा शब्द घराघरांत पोचला आहे. ‘इंजिनाला जलपर्ण’ म्हटले की डोळ्यांपुढे इंजिनात गुंतलेली वेलच येणार. ‘जलपंख’ कसा वाटतो? पाण्यात राहून उचलणारा पंख, असा अर्थ सरळ लागतो.

प्रतिसाद २

‘जलपंख’ ऐकायला छान आहे, पण आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना अडचणीचा. प्रोपेलरला आमच्याकडे ‘पंखा’ म्हणतात. पंख्याच्या वर पंख बसवायचा, पंख पाण्याबाहेर आला तरी चालेल पण पंखा येता कामा नये, अशी वाक्ये माहितीपत्रकात आली तर एका कान्याचा फरक कोण बघत बसणार? दुकानात ‘फिन’ मागतात, तुम्हीही ‘फिन’च लिहा.

‘पुढची बाजू’ऐवजी मात्र ‘नाळ’ लिहा. शब्द जुना आहे, गलबतांच्या काळापासूनचा, आणि अजून चालू आहे. शहरातल्या वाचकाला नाळ म्हणजे बाळाची किंवा घोड्याची एवढेच माहीत असेल, तर पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगून टाका.

एक सावधगिरी. या वस्तूंना ‘स्थिरक’ वगैरे म्हणाल तर कुणी उलांडीसारखे (होडीच्या बाजूला बांधलेल्या तरंगत्या लाकडासारखे) काही समजेल. उलांडी होडीला बाजूला कलंडू देत नाही, होडी उभी असली तरी. फिन उभ्या बोटीत काहीच करत नाही.

प्रतिसाद ३

शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. शब्द शोधण्याआधी पाणी काय करते ते नीट मांडले तर निम्मे शब्द आपोआप सुचतील, म्हणून थोडे लांबवतो.

चौदा फूट जलरेषेची (पाण्याच्या पातळीवर मोजलेल्या लांबीची) बोट सुमारे ५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरपर्यंत, पाणी बाजूला सारत जाते. (जलरेषेच्या फुटांचे वर्गमूळ गुणिले १.३४, हा नॉटमधला ठोकळ हिशेब.) त्या वेगाला बोटीने उठवलेली लाट बोटीएवढीच लांब होते. नाळ एका शिखरावर, मागची बाजू दुसऱ्या. वेग आणखी वाढला की लाट बोटीपेक्षा लांब होते आणि मागची बाजू खळग्यात बसते. त्यात इंजिनाचे वजन मागे, टाकी मागे, बॅटरी मागे. जुन्या बोटीवर टू-स्ट्रोक काढून त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक बसवले की ते बहुधा आणखी जड असते. मग बोट स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. चढ ओलांडला की ती पाण्यावरून घसरत धावू लागते. याला सगळे ‘प्लेनवर येणे’ म्हणतात, तुम्ही प्रश्नात ‘वर येणे’ लिहिले आहे, आणि ‘पाण्यावर चढणे’ हे मला सर्वांत नेमके वाटते.

फिन आणि ट्रिम टॅब दोन्ही एकच गोष्ट करतात : मागची बाजू उचलतात. नाळेला कुणी हात लावत नाही. मागचे वर आले म्हणून पुढचे खाली बसते. ‘संतुलन’ लिहिले की हे कारण झाकले जाते, आणि वाचकाला वाटते की ही वस्तू बसवली की बोट आपोआप सरळ राहील. तसे होत नाही. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे हळू चालताना ती नगण्य असते आणि जोरात चालताना नको इतकी होऊ शकते.

आता ‘ट्रिम’. या एका शब्दात वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, आणि तुमच्या वाचकाचा गोंधळ इथेच होणार आहे. जहाजबांधणीत ट्रिम म्हणजे पुढचा आणि मागचा भाग पाण्यात किती बुडला आहे यातला फरक. त्याला ‘पुढचा-मागचा कल’ म्हणा. आउटबोर्डवाला ‘ट्रिम कर’ म्हणतो तेव्हा इंजिन आत-बाहेर कलवायचे असते. लहान इंजिनात त्यासाठी ब्रॅकेटला भोके आणि एक आडवी पिन असते, मोठ्यात बटण. हा ‘इंजिनाचा कल’. आणि ‘ट्रिम टॅब’ हे तर दोन निराळ्या वस्तूंचे नाव आहे! एक म्हणजे मागच्या फळीला बिजागरीने लावलेल्या, डावी-उजवी अशा दोन पट्ट्या. दुसरी म्हणजे पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीखाली असलेली छोटी पाती. ती बोट उचलत नाही. पंख्याच्या फिरण्यामुळे सुकाणू एका बाजूला ओढले जाते, ते ती सावरते. बोट उजवीकडे ओढत असेल तर पातीचे मागचे टोक उजवीकडे वळवतात. बऱ्याच इंजिनांत हीच पाती जस्ताची असते आणि बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजते, म्हणून तिला रंग लावायचा नसतो.

फळीवरच्या पट्ट्यांना मी ‘झडप’ म्हणेन. बिजागरीवर हलणाऱ्या सपाट फळीला मराठीत झडपच म्हणतात. खिडकीला झडपा असतात, तशा बोटीला ‘मागच्या झडपा’. छोट्या पातीला ‘सुकाणू-पाती’. दोन्हींना ‘संतुलन पट्टी’ लिहू नका, लोक चुकीचा बोल्ट ढिला करतील.

‘हायड्रोफॉइल’लाही दोन अर्थ आहेत. एन्रिको फोर्लानिनीने १९०६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवरावर जी नौका चालवली, किंवा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या एचडी-४ ने १९१९ मध्ये ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा विक्रम केला, तिथे नौकेचा सगळा सांगाडा पाण्याबाहेर उचलला जात होता. त्यांना ‘जलपंखी नौका’ म्हणायला माझी काहीच हरकत नाही. इंजिनाला लावतो ते प्लास्टिकचे फिन फक्त मागची बाजू उचलते. कामाचे आहे, पण प्रकरण वेगळे आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. मग फिन की झडपा, हे कसे लिहू? आणि बोट वेगात असताना नाळ सतत वर-खाली आपटत जाते, त्याला ‘हेलकावे’ लिहिले तर चालेल?

प्रतिसाद २

हेलकावे नको. हेलकावा संथ असतो, बहुतेक बाजूचा. नाळ आपटते ती ‘उसळी’. बोट उसळ्या मारते.

प्रतिसाद ३

उसळ्या, अगदी बरोबर. इंजिनाचा कल जास्त बाहेर असला किंवा वजन फार मागे असले की हे होते. आधी कल आत घ्यावा. फुकटचे उपाय सगळ्यात वर लिहा, ही माझी आग्रहाची विनंती : टाकी आणि बॅटरी पुढे सरकवा, माणसे पुढे बसवा, पिन एक भोक आत घ्या. कित्येक बोटींना यानंतर काही विकत घ्यावे लागत नाही.

त्यानंतर फिन. स्वस्त आहे, पटकन बसते, बोट कमी वेगात पाण्यावर चढते आणि कमी वेगातही वर टिकून राहते. पण पुष्कळ फिनना इंजिनाच्या आडव्या पट्टीत भोके पाडावी लागतात. वॉरंटीचे कागद आधी वाचावेत किंवा भोकांशिवाय बसणारे घ्यावे. इंजिन खूप खाली बसवले असेल तर फिन पूर्ण वेगातही पाण्यात राहते, नाळ खाली दाबली जाते आणि बोट वळवताना नाळेवरच गरकन फिरू पाहते. ते धोक्याचे आहे. आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित वर हवी, म्हणजे पूर्ण वेगात फिन पाण्याबाहेर निघते.

एका बाजूला जाड माणूस बसून बोट कलली तर फिन तिला सरळ करू शकत नाही. ते काम झडपांचे, कारण त्या वेगवेगळ्या हलवता येतात. महाग आहेत, बॅटरी लागते. मागून लाटा येत असतील तर झडपा वर घ्याव्यात, नाहीतर नाळ पुढच्या लाटेत घुसते. बोट मागे घेतानाही वर घ्याव्यात.

प्रतिसाद १

त्या आडव्या पट्टीला लोक ‘कॅव्हिटेशन प्लेट’ म्हणतात. ‘पोकळी-पट्टी’ करू का?

प्रतिसाद ३

नको, मूळ नावच चुकीचे आहे. कॅव्हिटेशन म्हणजे दाब फार कमी झाल्याने पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे होणे. ही पट्टी त्यासाठी नसते. ती वरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ नये म्हणून असते. विहिरीवरचा पंप हवा धरतो आणि पाणी फेकत नाही, तसे इथे पंखा हवा धरतो, इंजिन नुसते ओरडते आणि बोट पुढे जात नाही. ‘हवारोधक पट्टी’ लिहा आणि कंसात लोकांचे ‘प्लेट’ ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता

मसुद्यातले एक वाक्य तपासाल का? ‘बोट डावीकडे कलली असेल तर डावे बटण दाबून डावी झडप खाली करावी.’

प्रतिसाद ३

झडप बरोबर आहे. डावी झडप खाली गेली की डावीकडची मागची बाजू उचलली जाते. पण बटणाचे तपासून लिहा. काही स्विचवर बाजू झडपेची नसून नाळेची लिहिलेली असते. डावीकडे दाबले की नाळेची डावी बाजू खाली जाते, आणि त्यासाठी प्रत्यक्षात हलते ती उजवी झडप. तुमच्या बोटीवर तसा स्विच असेल तर हे वाक्य पाळणाऱ्याची बोट आणखी कलेल. असे लिहा : ‘बोट डावीकडे कलली असेल तर डावी झडप खाली करावी. कोणत्या बटणाने कोणती झडप हलते ते बोट धक्क्याला बांधलेली असताना मागे उभे राहून पाहून घ्यावे.’